गोल छत्री (पॅराशूट) अजून कोण पॅक करतं का? का म्युझियममध्ये गेली?

वारा_वाईचा
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटंल पण विचारतोच. मी वाईचा, पाचगणीला तीन सीझन झाले सोलो पॅराग्लायडिंग करतोय, हार्नेसमधलं (बसायच्या पट्ट्यांच्या सीटमधलं) रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीला फेकायचं पॅराशूट, गोल आहे, सेकंडहँड सेटबरोबर आलेलं. गणपतीत मावसभाऊ आलेला, तो परदेशात स्कायडायव्हिंग करतो, साठ-सत्तर जंप झाल्यात, त्यानं माझं रिझर्व्ह बघितलं आणि हसायलाच लागला, म्हणे अरे हे असलं आता म्युझियममध्ये असतं, आमच्याकडं रिगर (पॅराशूट तपासून भरणारे) लोक गोलला हात पण लावत नाहीत, सगळं चौकोनी झालंय. आणि हे बोलला कुठं तर आरतीनंतर सगळ्या घरासमोर, त्यामुळं तेव्हापासनं आईनं डोकं खाल्लंय. तर जाणकारांनी सांगा, पॅकर लोक गोल छत्र्या अजून भरतात का, भरत असतील तर किती, आणि माझी दर किती दिवसांनी उघडून परत भरायची? शेवटचं रिपॅक कधी झालं ते कार्डावर लिहिलेलं नाही. म्हणजे कार्डच नाहीये खरं तर. शिव्या घाला, चालतंय.

उडाणटप्पू_सांगली
कार्ड नाही हे आईला सांगितलंस का भावा? का ते पण मावसभाऊच सांगणार पुढच्या गणपतीत

रिटायर्ड_पॅकर_कोरेगाव
पोरा तुझ्या मावसभावाला एकदा आग्र्याला नेऊन सोड. मी एअरफोर्सला सेफ्टी इक्विपमेंटमध्ये होतो, त्यातली सहा वर्षं आग्र्याला काढली, किती गोल छत्र्या हाताखालनं गेल्या त्याचा हिशोब ठेवला नाही कधी. पॅराट्रूपर ट्रेनिंग स्कूल तिथंच हाय, बेसिक कोर्सला प्रत्येक पोराच्या पाच जंप, त्यातली एक रात्रीची. पाठीवर मेन, पोटावर रिझर्व्ह, दोन्ही गोल. आता तूच गुणाकार कर. मालपुऱ्याच्या ड्रॉप झोनवरनं (पोरं उतरायच्या मैदानावरनं) छत्र्या गोळा होऊन ट्रकनं यायच्या, काटे, गवत, माती सगळं आत, ते झाडायचं, उंच टांगून हवा द्यायची, उजेडापुढं धरून एकेक पाकळी (छत्रीच्या कापडाचा पट्टा) बघायची, कुठं फाटलंय, कुठं शिवण उसवलीय, मग टेबल. किती वेळा म्हणून काय विचारतोस, आमची रोजची भाकरी होती ती.

टेबलावरचं काम लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. लांबच्या लांब टेबल, एका टोकाला शेंडा अडकवायचा, दुसऱ्या टोकाला दोऱ्या ताणायच्या, दोऱ्या एकमेकीत गुंतल्या नाहीत ना ते आधी, त्याच्याशिवाय पुढं हात लावायचा नाही. मग पाकळ्या, अर्ध्या डावीकडं अर्ध्या उजवीकडं, नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तशा एकावर एक, एक सुद्धा उलटी पडता कामा नये. वर वजनाच्या पिशव्या ठेवायच्या म्हणजे कापड सरकत नाही. शेवटी बॅग बंद करायच्या आधी हत्यारं मोजायची, हे लई महत्त्वाचं, कारण आत राहिलेला चिमटा वर गेल्यावर कळून उपयोग नसतो. आणि दर टप्प्याला दुसरा माणूस तपासणार, तो ओके म्हणल्याशिवाय पुढची घडी नाही. सही दोघांची. रिझर्व्ह कुणी वापरली नाही तरी मुदत संपली की उघडायचीच आणि परत भरायची.

फौज गोल का वापरते तेही सांग त्याला. विमानातनं चाळीसेक पोरं एकामागं एक, स्टॅटिक लाइनवर (विमानाला बांधलेली दोरी, उडी मारली की तीच छत्री उघडती), साधारण साडेबाराशे फुटावरनं. चौकोनी छत्रीला पुढं जायचा वेग असतो, ती चालवायला लागती, एवढ्या गर्दीत ती दिली तर हवेतच टकरा होतील. गोल सरळ खाली येती, चालवायचं ओझं नाही, फक्त पाय जुळवून लोळण घ्यायला शिकवतात कारण जमीन जरा जोरात लागती. फ्री फॉलवाल्यांना (आधी मोकळं पडून मग स्वतः छत्री उघडणाऱ्यांना) चौकोनी देतात, तो धंदा वेगळा. ११ डिसेंबर १९७१ ला २ पॅरा बांगलादेशातल्या टांगाईलला उतरली, मूळची आपली मराठा लाइट इन्फंट्रीचीच पलटण ती, ती पण गोल छत्र्यांवरच. छत्र्या शिवायची कानपूरची ऑर्डनन्स पॅराशूट फॅक्टरी १९४१ ची, २०२१ पासनं नाव ग्लायडर्स इंडिया लिमिटेड झालंय.

(फोनवर टाइप करून बोटं दुखली, बाकीचं भेटल्यावर.)

मिरजकर_ॲरिझोना
काका सलाम. पण मावसभावाची बाजू पण थोडी घ्यायला पाहिजे, तो जिथनं बघतोय तिथनं त्याचं बरोबर आहे. मी इथं अमेरिकेत सीनियर रिगर आहे, वीकेंडला ड्रॉप झोनवर बसतो. स्पोर्टवाल्यांकडं मेन आणि रिझर्व्ह दोन्ही चौकोनी, साठ-सत्तर जंपवाल्याला गोल छत्री दिसायचं कारणच नाही. पण माझ्याकडं आठवड्यात दहा रिझर्व्ह आले तर त्यात एखादं गोल असतंच, आणि ते स्कायडायव्हरचं नसतं, पायलटचं असतं. ग्लायडरवाले (बिनइंजिनाचं विमान चालवणारे), विमान उलटंपालटं करणारे एअरोबॅटिकवाले. इथला नियमच असा की क्रू सोडून दुसरं माणूस बरोबर असेल आणि ६० डिग्रीपेक्षा जास्त कलवायचं असेल तर सगळ्यांच्या अंगावर पॅराशूट पाहिजे. त्यांना हवेत फिरायचं नसतं, तुटक्या विमानातनं बाहेर पडून जिवंत खाली यायचं असतं, बहुतेकांनी आयुष्यात एक पण जंप केलेली नसते. असल्या माणसाला गोलच बरी, ओढलं की उघडली, पुढं काही करावं लागत नाही.

मुदत म्हणशील तर इथं नायलॉनला १८० दिवस, २००८ च्या डिसेंबरपर्यंत १२० होते. रेशमाची असेल तर ६०, पण रेशमाची मी अजून एकपण बघितली नाही. वापरली असो नसो, दिवस भरले की उघडायची, तपासायची, परत भरून लाल दोरा आणि शिशाचं सील मारायचं, सीलवर आपली खूण. त्यामुळं पायलट लोक वर्षातनं दोनदा येतात आणि तोंड वाकडं करून पैसे देतात, न वापरलेल्या वस्तूचे परत कसले पैसे म्हणून 😄

एक मात्र खरंय, जुनी गोल छत्री समोर आली की बरेच रिगर नको म्हणतात, मी पण म्हणतो. ८० च्या दशकातल्या काही गोल रिझर्व्हच्या जाळीच्या कापडात आम्ल निघालं होतं, त्यानं शेजारचं नायलॉन आतनं कुजायचं, वरनं बघून कळायचं नाही. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावायचं, पिवळं पडलं की समजायचं आम्ल आहे, शिवाय कापड चिमट्यात धरून काट्यानं ताणून बघायचं. मावसभावानं हात न लावणारे रिगर जे सांगितले ते बहुतेक ह्या कारणानं हात लावत नसतील. गोल आहे म्हणून नाही, जुनी आहे म्हणून.

टेबललँड_टँडम
वरचं सगळं भारी आहे पण ह्याचं रिझर्व्ह पॅराग्लायडिंगचं आहे, तो विषय राहिलाच. बाबा, पाचगणीत खिंगरला नाहीतर भिलारला टेकऑफला उभा रहा आणि हार्नेस बघ, गोल रिझर्व्ह पदोपदी दिसतील. आपल्या गोलमध्ये शेंड्याला मधनं एक लाइन असते ती शेंडा खाली ओढून धरते, त्यामुळं ती पटकन उघडते आणि तेवढ्याच कापडात खाली यायचा वेग कमी राहतो. युरोपच्या टेस्टमध्ये सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा जास्त वेगानं खाली आली तर पास करत नाहीत. आता चौकोनी पण निघाल्यात (स्कायडायव्हिंगच्या नाही, अधिकच्या चिन्हासारख्या), त्या कमी झुलतात हे मान्य. वळवता येणाऱ्या पण आहेत, पण त्यात वरचं मेन ग्लायडर आवरलं नाही तर दोघं एकमेकांना ओढत बसतात आणि वेगात खाली नेतात. गोलला तसं दिशेचं फारसं घेणंदेणं नाही, फेकली की झालं.

रिपॅक: मॅन्युअल बघ, बहुतेक कंपन्या सहा महिने ते वर्ष म्हणतात. आपल्याकडचा पावसाळा बघता माझा हिशोब साधा आहे, पाऊस संपला की सीझनच्या आधी एकदा, आणि मे संपताना एकदा. पाचगणीत चार महिने भिंतीला बुरशी येते, बॅगेतल्या कापडाचं काय होत असेल. घडीला घडी चिकटते, रबर बँड तुटतात नाहीतर विरघळून दोऱ्यांना लागतात, आणि बाहेरचं वेलक्रो असं धरतं की ऐनवेळी हँडल ओढताना दोन्ही हात लागतील. मागं एकाचं रिझर्व्ह उघडलं, आतनं पालीचं अंडं निघालं. माझ्या डोळ्यानं बघितलंय.

तुझं कार्डच नाही म्हणजे वय पण माहीत नाही. कापडावर शेंड्याजवळ नाहीतर कडेला शिक्का असतो, त्यावर बनवल्याची तारीख आणि किती किलोपर्यंत चालतं ते असतं. दहा वर्षं उलटून गेली असतील तर रिपॅकवर पैसे घालू नको, नवीन घे.

उडाणटप्पू_सांगली
मला कळत काही नाही पण एक भर टाकतो. गगनयानच्या कॅप्सूलला दहा पॅराशूट आहेत, शेवटचे तीन मेन २५ मीटर व्यासाचे, गोल, आणि तिघांतले दोन उघडले तरी भागतं. मावसभावाला म्हणावं इस्रोला पण फोन लाव, म्युझियममधलं वापरताय म्हणून

वारा_वाईचा
😂 हे आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली दोन उघडले तरी भागतं मग तुझ्याकडं एकच का.

बरं, आत्ता शिक्का बघायला उघडायला गेलो तर वेलक्रो खरंच एका हातानं सुटत नाहीये. शेवटी गुडघ्यात धरून ओढलं. शिक्का सापडला, २०१६, वजन ११० किलोपर्यंत. म्हणजे दहाच्या आसपास आलीच. कापड हाताला बरं वाटतंय पण एका जागी पिवळट डाग आहे, बोटभर. रबर बँड तीन तुटलेत, एक चिकटलाय. इतके दिवस हे बुडाखाली घेऊन उडत होतो राव.

टेबललँड_टँडम
डाग आहे म्हणल्यावर त्याच्यावर उडू नको, आता उघडलंय तर तसंच सैल पिशवीत घालून रविवारी सकाळी घेऊन ये. एक दिवस टांगून ठेवू, मग ठरवू. घडी घालायला शिकवतो पण ती प्रॅक्टिस म्हणून, उडायला नवीन घे.

रिटायर्ड_पॅकर_कोरेगाव
रविवार म्हणजे किती वाजता? मी पण येतो. डागाच्या जागची शिवण बघायचीय मला, आणि पोराच्या हातनं पाकळ्या मोजून घ्यायच्यात. बाजूला ठेवलेली जुनी छत्री टाकू नको, शिकायला तिच्यासारखी दुसरी नाही. रबर बँड नवीन आण, दुधाच्या पिशवीचे आणशील तर माघारी पाठवीन.