स्पीशस म्हणजे नुसतं खोटं नव्हे

इंग्रजीतल्या 'स्पीशस' (specious) या शब्दाचा अर्थ 'खोटं' असा सांगितला जातो, ते अर्धंच बरोबर आहे. धडधडीत खोट्याला कुणी स्पीशस म्हणत नाही. ऐकताक्षणी मान डोलवावी आणि जरा खोलात गेल्यावर पोकळ निघावा, तो युक्तिवाद स्पीशस. 'आमचे आजोबा रोज विड्या ओढून नव्वदी गाठून गेले, तंबाखूचा उगाच बाऊ करतात' हे वाक्य घ्या. आजोबा खरे, विड्या खऱ्या, नव्वदीही खरी. निष्कर्ष तेवढा फसवा, कारण पन्नाशीतच गेलेले विडीवाले आजोबा या हिशेबात धरलेलेच नाहीत.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'देखणा'. इंग्रजीतही आधी तो स्तुतीचाच होता, 'नुसतंच रूप' हा कुत्सित अर्थ नंतर चिकटला. म्हणून तो सहसा आर्ग्युमेंट, रीझनिंग, क्लेम यांनाच लागतो. बनावट सही स्पीशस नसते, तिथे 'स्प्युरिअस' (spurious, म्हणजे नकली) हवा. (आणि 'स्पेशस' म्हणजे ऐसपैस, फ्लॅटच्या जाहिरातीतला!)

'स्पीशस'ला मराठीत 'दिशाभूल करणारा' हा प्रतिशब्द मला ढिला वाटतो. त्यात फसवण्याचा इरादा डोकावतो, स्पीशस बोलणारा मात्र स्वतःही फसलेला असू शकतो. न्यायशास्त्रातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला 'हेत्वाभास' (वरवर खरं वाटणारं पण सदोष कारण) अर्थाने जवळचा, पण ते नाम, शिवाय जड. रोजच्या लिखाणात 'वरवर पटणारा' बरा. फक्त मानसशास्त्रातल्या 'स्पीशस प्रेझेंट'ला तो लावू नका. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये रूढ केलेली ही संज्ञा आपल्याला जाणवणाऱ्या 'आत्ता'च्या छोट्याशा पट्ट्यासाठी आहे. तिथे 'भासमान वर्तमान' चालेल.