सफरचंदाची बियांपासूनची रोपं गच्चीवर कधी न्यावीत? (पुणे)

रानजाई
फ्रिजमध्ये ओल्या टिश्यूत ठेवलेल्या बियांना कोंब आले, आता कागदी कपांत सात रोपं आहेत. बोटभर उंच, चार-पाच खरी पानं, पण देठ बारीक आणि सगळी खिडकीकडे कललेली. दोन बुडाशी काळी पडून आडवी झाली. फेब्रुवारी अर्धा सरला. आत्ताच गच्चीवर न्यावीत की पावसाळ्यापर्यंत थांबावं? कुंडी केवढी घ्यावी? आणि फळं धरतील का?

खुरपं
आडवी झालेली रोपं मर रोगाने गेली, ती मातीसकट टाकून द्या. पाणी तुंबलं आणि हवा खेळली नाही की बुरशी देठ धरते. कपांना बुडाशी भोकं आहेत ना? वरची बोटाच्या पेराएवढी माती सुकल्याशिवाय पाणी नको. उरलेल्यांना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र बुरशी, पावडर मिळते), लिटरभर पाण्याला ५ ग्रॅम.

गच्चीवर आत्ताच न्या. खिडकीत राहिली तर अजून लांबुडकी होतील, आणि मार्चअखेरचं ऊन नव्या रोपाला सोसत नाही. आधी तीन दिवस सकाळचं तासभर ऊन, मग रोज अर्धा तास वाढवत ११ वाजेपर्यंत. दुपारचं नकोच, एप्रिल-मेमध्ये ५० टक्क्यांची शेडनेट लागेलच. कुंड्या विटांवर ठेवा, स्लॅब तापला की मुळं शिजतात.

पानावर पांढरट-तपकिरी डाग पडले तर ते उन्हाने भाजलेलं आहे. लोक तहान समजून पाणी ओततात आणि मग मुळंही कुजवतात.

कुंडी आधी ६ इंची, मुळं भरली की १२ इंची. एकदम मोठ्या कुंडीत माती ओलीच राहते. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. हलवताना कपाच्या तळाशी गोल फिरलेलं सोटमूळ अलगद सरळ करा, नाहीतर झाड पुढे खुंटतं.

कलमवाला
फळांचं सरळ सांगतो, भरवसा धरू नका. रेड डिलिशससारख्या नेहमीच्या जातीला थंडीचे हजारेक तास लागतात, म्हणजे ७ अंशांच्या खालचे. पुण्यात ते कुठले? शिवाय बी आईसारखं निघत नाही, आणि थंड प्रदेशातही बियांच्या झाडाला फळाला सहा ते दहा वर्षं जातात.

या रोपांचा खुंट करा, म्हणजे मुळं यांची आणि वर कलमाने बांधलेली चांगली जात. देठ पेन्सिलीएवढा जाड झाला की जानेवारीत १५-२० सेंमी उंचीवर पाचर कलम बांधा (खुंट कापून मधे चीर द्यायची, त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवून बांधायची). कमी थंडीवर येणारी जात घ्या: ॲना, डॉर्सेट गोल्डन किंवा हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९. ॲनाजवळ डॉर्सेट गोल्डन लावा, परागीभवन चांगलं होतं.

रानजाई
फ्रिजमधल्या काही बिया अजून तशाच आहेत. टाकू?

खुरपं
दाबून बघा. मऊ पडली असेल तर टाका. टणक असेल तर फ्रिजमध्ये ठेवल्यापासून ९० दिवसांपर्यंत वाट बघा, पण आता उगवलेलं रोप थेट उन्हाळ्यात सापडणार. पुढच्या खेपेला सप्टेंबरात नवी सफरचंदं आली की बिया ठेवा. डिसेंबरात कोंब, जानेवारीच्या कोवळ्या उन्हात रोप बाहेर.