मदत हवी आहे: फ्लेमिंगो उडताना फोकस खारफुटीवर जातो

ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत उडत्या फ्लेमिंगोंचे फोटो काढतोय. मागे आकाश असलं की फोटो उत्तम येतात. थवा पाण्यालगत, खारफुटीसमोरून निघाला की फोकस निसटून मागच्या झाडीवर जातो. पानन् पान स्पष्ट आणि पक्षी सॉफ्ट. म्हणजे दोष शटर स्पीडचा नाही, उन्हाच्या झळांचाही नाही.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, पक्ष्याचा डोळा ओळखणारा नव्हे. लेन्स १५०-६०० मिमी. मॅन्युअल मोड, १/२५००, एफ/७.१, आयएसओ ८००. ऑटो आयएसओ (कॅमेराच आयएसओ ठरवतो ती सोय) मुद्दाम बंद ठेवलाय. गडद झाडीपुढे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) फसतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक येतात. कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यामागे सतत जुळत राहणारा), शटरऐवजी मागच्या बटनावर (बॅक बटन).

एकच फोकस पॉइंट ठेवला तर डुलत्या बोटीतून तो पक्ष्यावर टिकत नाही. झोन (अनेक पॉइंटचा गट) ठेवला तर तो झाडीच पकडतो, कारण कॉन्ट्रास्ट तिथे जास्त. ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी (फोकस किती चटकन दुसऱ्या वस्तूवर जातो ते ठरवणारी सेटिंग) कमी केली तेव्हा फोकस निसटणं थोडं घटलं खरं, पण एकदा निसटला की झाडीलाच चिकटून बसतो. फोकस लिमिटरचा (फोकसचा पल्ला मर्यादित करणारं लेन्सवरचं बटन) उपयोग नाही, पक्षी आणि झाडी दोन्ही त्याच पल्ल्यात येतात. बोटीत ट्रायपॉड लावता येत नाही आणि नवा कॅमेरा सध्या शक्य नाही.

अशा वेळी मधला पॉइंट आणि भोवतीचे ४ घ्यावेत की ८, आणि त्यासोबत सेन्सिटिव्हिटी किती? फोकस झाडीवर गेलाच तर नुसतं बटन सोडून पुन्हा दाबायचं, की आधी रिंग फिरवून फोकस हाताने जवळ आणायचा?