रेंजफाइंडरसाठी जुनी, कमी उजेडातली ३५ मिमी लेन्स सुचवा (बजेट ३५ हजार, कस्टम धरून)

अंबानगरी
नमस्कार मंडळी. मामांचा परभणीत फोटो स्टुडिओ होता. तो बंद केला तेव्हा त्यांनी कॅनन ७ हा रोलचा रेंजफाइंडर कॅमेरा (आत आरसा नाही, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस लावायचा) आणि त्यावरची ५० मिमी एफ १.८ लेन्स मला दिली. दोन वर्षं तेवढ्यावरच चाललंय, आता जास्त रुंद दाखवणारी ३५ हवी आहे.

आमच्याकडे लग्न झालं की देवीचा गोंधळ असतो. अंगणात रात्री दहाला सुरू होतो तो पहाटेपर्यंत. पन्नासमधून गोंधळी घेतला तर धान्याचा चौक जातो, चौक घेतला तर संबळवाला जातो. मागं सरायला जागा नसते, भिंतीला टेकून आज्या बसलेल्या असतात. दुसरं काम पैठणला, पैठणीच्या मागांच्या खोल्यांत. तिथंही तीच अडचण.

फ्लॅश नको. कॅनन ७ ला डोक्यावर फ्लॅशची खाच नाहीच, आणि असती तरी दिवटीच्या उजेडावर फ्लॅश मारायचा नाही. रोल ४०० आयएसओचा, लागला तर १६०० ला ओढतो, म्हणजे तेवढ्याचा समजून फोटो काढतो आणि जास्त वेळ धुतो. मनात कॅननच्याच तीन आहेत: ३५ एफ २, एफ १.८ आणि एफ १.५ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). बजेटच्या वर जाता येणार नाही, तेवढं धरून सांगा.

लालबिंदू
बजेटचं नंतर बघू. एकदाच घे आणि चांगली घे. लायकाची समीलक्स ३५ एफ १.४, जुनी, १९६१ पासून निघाली ती. मी २०११ ला घेतली, त्या वर्षी शेतातल्या विहिरीचं काम पुढं ढकललं. आजही माझ्या लायका एम२ कॅमेऱ्यावरून उतरत नाही. पूर्ण उघडली की चेहऱ्याभोवती जी हलकी आभा येते ती दुसऱ्या कशात नाही.

जुनी_काच
लालबिंदू दादा, ती त्याच्या कॅमेऱ्यावर बसणारच नाही. कॅनन ७ ला ३९ मिमीचे आटे आहेत, तुमची समीलक्स एम माउंटची, फिरवून अडकवायची. आट्यांची लेन्स एम बॉडीवर लावायला १ मिमी जाडीची रिंग मिळते, कारण लेन्स बसते तिथून रोलपर्यंतचं अंतर एम चं २७.८ मिमी आणि आट्यांच्या कॅमेऱ्याचं २८.८. उलटं करता येत नाही. बॉडीच आधी १ मिमी जास्त खोल आहे, लांबचं कधी फोकसला यायचं नाही.

अंबानगरी, कुणीही 'एम' लिहिलेली लेन्स सुचवली की सोडून दे. नव्या नोकटॉन लेन्साही त्यातच आल्या. आट्यांची नवी हवी असेल तर फोक्टलेंडरची अल्ट्रॉन ३५ एफ १.७ होती, आता जुन्या बाजारातच सापडते.

लालबिंदू
मग बॉडी बदलायची. एम२ च्या बघायच्या खिडकीत ३५ ची चौकट आहेच.

अंबानगरी
दादा, बॉडी मामांची आहे. ती बदलायची नाही.

दुधना
ज्युपिटर-१२ घे, रशियन, ३५ एफ २.८. तुझ्या बजेटच्या निम्मेही पैसे लागत नाहीत इतकी स्वस्त. मी जालन्याच्या मोंढ्यात हिच्यावर चार रोल काढलेत, कोपऱ्यापर्यंत रेषा सरळ. फक्त मागची काच कॅमेऱ्यात खोल शिरते. लावताना जोर करू नकोस, आत कुठं टेकायला लागली तर तिथंच थांब.

जुनी_काच
तो रात्रीचं म्हणतोय हो. २.८ म्हणजे एफ २ पेक्षा उजेड निम्मा.

दुधना
१६०० ला ओढतोय ना तो? मग जमतंय.

पिक्सेल_परभणी
एवढ्या पैशात जुना मिररलेस डिजिटल कॅमेरा येईल. आयएसओ ६४०० वर आरामात शूट कर, रोल धुवायची कटकट नाही. मी मागच्या वर्षी अख्खं लग्न तसंच काढलं, आठशे फोटो, त्याच रात्री पाहुण्यांना पाठवले.

पैठणची_सून
मी मागाच्या खोल्यांत पाच वर्षं फोटो काढतेय, म्हणून लिहिते. तिथं एफ १.५ लागत नाही. माग खिडकीजवळच असतो, विणणारीलाही जर दिसायला हवी ना. सकाळी दहाला ४०० च्या रोलवर एफ २.८, १/६० सेकंद आरामात मिळतं.

तिथली खरी अडचण वेगळी आहे. या जुन्या कॅनन लेन्सा १ मीटरच्या आत फोकस करत नाहीत. पदरावरचा मोर विणताना बोटं, कांड्या आणि धागे हातभर अंतरात असतात, तुम्हाला तेच हवं असणार, आणि तेच मिळणार नाही. मी म्हणून विणणारीच्या बाजूला न बसता मागाच्या समोर, ताण्याच्या टोकाला बसते. तिथून १ मीटर सहज राहतं, आणि ताण्याचे धागे तुमच्याकडून तिच्याकडे धावताना दिसतात. ३५ मध्ये ती चौकट फार सुरेख बसते.

आणि घरात शिरल्यावर आधी अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवा. चहा घ्या. कुठली नक्षी अर्धवट आहे ते विचारा. काही घरांत नवी नक्षी बाहेर जाऊ देत नाहीत, ते त्यांच्या पोटाचं काम आहे.

अंबानगरी
ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

बालाघाट
एफ १.५ घेऊ नका. मी घेऊन पस्तावलोय. जपानहून मागवली, जाहिरातीत 'जवळजवळ नवी' लिहिलेलं. हातात आली तेव्हा वरवर छान. रात्री खोलीतला दिवा मालवून मागच्या बाजूनं टॉर्च धरला तर आतल्या काचेवर धुकं, गाईच्या दुधासारखं. कस्टम वेगळं, कुरिअरवाल्यांचे पैसे वेगळे, परत पाठवायचा खर्च माझ्यावर. साफ करून घेतली तरी पूर्ण उघडी वापरली की दिव्याभोवती वर्तुळ पसरतं, कोपऱ्यातली माणसं ओघळल्यासारखी दिसतात. एफ ४ ला आणलं की एकदम नीट. पण एफ ४ ला वापरायची तर एफ १.५ चे पैसे का द्यायचे?

एफ २ घ्या. १९६२ ची आहे, १.५ पेक्षा चार वर्षांनी नवी, लहान, आणि उघडीसुद्धा धारदार. तुमच्या पन्नासचे ४० मिमीचे फिल्टर तिला चालतील, १.५ ला ४८ चे लागतात.

जुनी_काच
बालाघाटशी सहमत. हिशोबच करा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. १.८ आणि २ मध्ये फरक तिसरा हिस्सा स्टॉप, तो रोल धुण्यातच हरवतो. १.५ आणि २ मध्ये पाऊण स्टॉपच्या थोडा वर. एफ २.

कडक_ऊन
एक महत्त्वाचं. दुपारी लेन्स उघडी ठेवून कॅमेरा गळ्यात अडकवू नका. रेंजफाइंडरला आरसा नसतो, लेन्स सूर्याचा ठिपका थेट शटरच्या पडद्यावर पाडते. तुळजापूरच्या रस्त्याला चहा प्यायला थांबलो होतो, कॅमेरा टेबलावर उताणा, फोकस अनंतावर. कापडी पडद्याला टाचणीएवढं भोक. पुढच्या रोलवर प्रत्येक फोटोत पांढरा डाग.

जुनी_काच
कॅनन ७ चा पडदा धातूचा आहे, तो जळत नाही. बोट लागून सुरकुत्या पडतात. पडल्या असतील तरी बहुधा काम करतो.

कडक_ऊन
तरी टोपी लावायचीच. धातूही तापतो. आणि एक, आपल्याकडच्या उन्हात ४०० चा रोल म्हणजे एफ १६ ला १/५००. वेगाची कमाल १/१०००. दिवसा लेन्स उघडायची हौस असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) घ्या. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी, त्यामुळं कितीही काळा फिल्टर लावला तरी नजरेपुढं अंधार होत नाही.

रांजण
रोल कुठं धुतोस? मे महिन्यात टाकीचं पाणी ३४ अंशाला असतं, त्यात डेव्हलपर घातला तर निगेटिव्ह करपल्यासारखी होते. मी लातूरला रांजणातलं पाणी वापरतो, रात्रभर ठेवलेलं. थोडा बर्फ बाहेरून लावला की २० ला येतं. शेवटची खळखळ बोअरच्या पाण्यात करू नकोस, क्षाराचे ठिपके पडतात, वाळल्यावर निघत नाहीत. आरओचं पाणी घे.

पिक्सेल_परभणी
हेच म्हणत होतो मी. मिररलेसला पाणीच लागत नाही.

रांजण
२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. त्या उन्हाळ्यातही मी दोन रोल धुतले, तांब्या मोजून. ज्याला करायचंय तो करतो.

गोदाकाठ
अजिंठ्याला जा या लेन्सनं. आत फ्लॅश चालत नाही, त्यामुळं अशा लेन्सचा खरा कस तिथं लागतो. एक नंबरच्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र. सोमवारी बंद असतं.

दुधना
मंगळवारी बंद असतं.

गोदाकाठ
मंगळवारी वेरूळ. सोमवारी अजिंठा. आणि वेरूळला दुपारनंतर जा, सगळी लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी कैलासाच्या अंगणात नुसती सावली.

स्टुडिओकाका_नांदेड
बाळा, सगळे लेन्सचं बोलतायत, कॅमेऱ्याचं कुणी विचारलं नाही. तुझ्या मामांचा कॅमेरा किती वर्षं कपाटात होता? पन्नास एफ १.८ वर फोकस जरा हुकला तर तुझ्या नजरेत आलं असेल. नसेल आलं तर आधी हे कर.

रात्री लांबचा मोबाइल टॉवर बघ, वरचा लाल दिवा. लेन्स अनंतावर ने. खिडकीतल्या पिवळ्या ठिपक्यात दोन दिवे दिसत असतील तर रेंजफाइंडर सरकलाय. शेजारी शेजारी दिसले तर अंतराची चूक, वरखाली दिसले तर उंचीची. मग जमिनीवर मोजपट्टी तिरकी ठेव, १ मीटरवर पन्नासाच्या आकड्यावर फोकस कर, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढ. निगेटिव्हमध्ये ५० ठळक आला तर ठीक. ४७ किंवा ५३ आला तर नवी लेन्स घेऊन काय उपयोग?

एफ १.५ वर २ मीटरला नीट दिसणारी खोली एक वीत आणि चार बोटं, बस. गोंधळी एक पाऊल पुढं आला की गेला. मी अशा वेळी फोकस हलवत नाही, स्वतः हलतो. लेन्स २ मीटरवर ठेवतो आणि माणसाबरोबर मागंपुढं होतो. आणि कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरवर विसंबू नकोस, त्यातलं सेलेनियम बहुतेक मेलेलं असतं.

बालाघाट
काकांचं बरोबर. टॉर्चची तपासणी मात्र विसरू नका, मी वर लिहिलंय.

लालबिंदू
टॉर्च लावला तर माझीतही थोडं दिसतं. फोटोत काही दिसत नाही.

अंबानगरी
काका, टॉवरचा दिवा बघितला. दोन दिसतात, वरखाली. तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. दुरुस्तीला देतो. लेन्सचं महिनाभर थांबतो.

दुधना
मग कुठली घेऊलालास?

जुनी_काच
एफ २ च घेणार. सगळ्यांनी तेच सांगितलंय.

अंबानगरी
(सात आठवड्यांनी) मंडळी, एफ १.५ घेतली.

सोलापूरला एका जुन्या फोटोग्राफरांच्या घरी मिळाली, ३१ हजारांना. पुढच्या काचेवर पुसून पुसून पडलेले बारीक ओरखडे आहेत, म्हणून त्या भावात. बालाघाट दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे टॉर्च धरला. धुकं नव्हतं, बुरशी नव्हती. उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्यांवर थोडं तेल होतं, त्यांनीच समोर काढून दिलं. जपानहून मागवली असती तर हे डोळ्यांनी बघता आलं नसतं.

का घेतली ते सांगतो. दादा, तुम्ही दिव्याभोवती वर्तुळ पसरतं असं तक्रार म्हणून लिहिलं होतं. ते वाचलं आणि मला आमच्या अंगणातली दिवटी आठवली. लहानपणी आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत ती तशीच दिसायची, ज्योतीभोवती पिवळं धुरकट कडं.

परवा चुलतभावाच्या लग्नाचा गोंधळ झाला. पाच उसांचा मांडव, खाली नव्या कापडावर गव्हाचा चौक, कलश. मी काकांचं ऐकलं, लेन्स २ मीटरवर बांधल्यासारखी ठेवली आणि उकिडवा बसून पुढंमागं सरकत राहिलो. १६०० वर, एफ १.५, १/३०. छत्तीसपैकी एकवीस हुकले. कोपऱ्यातल्या आज्या ओघळल्यात, तेही खरं.

पण एक आला आहे. गोंधळी दिवटीवर बुधलीतून तेल घालतोय, तेलाची धार मधेच हवेत, ज्योत उसळलेली आणि तिच्याभोवती ते कडं. त्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ मोजता येते. मागं संबळवाल्याचे हात हललेत, काठ्या दिसत नाहीत, नुसता पंखा दिसतो. आईनं प्रिंट हातात घेतली आणि काही न बोलता देवघरात नेऊन ठेवली.

बालाघाट
तुम्हाला तेच हवं होतं तर प्रश्नच नाही. ती धार कशी सापडली १/३० ला?

अंबानगरी
वाट बघून. दर पाच-सात मिनिटांनी तेल घालावं लागतं. ज्योत बसायला लागली की मी श्वास धरायचो. चौथ्यांदा जमलं.

स्टुडिओकाका_नांदेड
पंधरा बरे आले म्हणजे चांगलं आहे. पुढच्या वेळी २ मीटर आणि दीड मीटर, दोन्ही अंतरं हातानं न बघता लावता यायला हवीत. लेन्सच्या कडेला दोऱ्याची गाठ बांध, बोटाला कळते.

पैठणची_सून
नाथषष्ठीला दिंड्या येतील तेव्हा या. घाटाजवळच राहते, दुपारी मागाच्या खोल्या दाखवते. ४८ चा फिल्टर माझ्याकडे पडून आहे, तो घेऊन जा.

लालबिंदू
प्रिंट कुठल्या कागदावर काढलीस?