मदत हवी आहे: एपीटी (सॉफ्टवेअर टाकायचं साधन) चालत नाही, सगळी पॅकेजेस पुन्हा टाकायचीत

कटकट्या_पेंग्विन: लिनक्स मिंट वापरतो. काल अपडेट चालू असताना लाइट गेली. आता काहीही केलं की एकच रड, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम', म्हणजे डिस्कवर काही लिहूच देत नाही. सगळी पॅकेजेस एका फटक्यात रिइन्स्टॉल करायची कमांड द्या. उद्या ऑफिसचं काम आहे, लवकर.

साडेतीनचा_चहा: डिस्क एसएसडी की फिरती (हार्ड डिस्क)? फाइल सिस्टीम ईएक्सटी४ की बीटीआरएफएस? आतापर्यंत काय काय करून बसलात?

कटकट्या_पेंग्विन: ईएक्सटी४ असेल, मिंटने जे दिलं ते. काही केलेलं नाही. कमांड?

टोपीवाला: मिंट उडवा, फेडोरा लिनक्स टाका. मला कधीच त्रास नाही.

साडेतीनचा_चहा: आणि यांचा डेटा तुम्ही काढून देणार? पेंग्विन, कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) गडबड दिसली म्हणून त्याने रूट (मुख्य पार्टिशन) मुद्दाम रीड-ओन्ली केलाय. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच चालणारी सिस्टीम) बूट करा, पार्टिशन माउंट (सिस्टीमला जोडलेलं) नाही ना बघा, मग ई२एफएससीके -एफ -एन ही फाइल सिस्टीम तपासायची कमांड चालवा. -एनमुळे ते नुसतं तपासतं, लिहीत नाही.

जुना_हमाल: कशाला एवढं? -वाय लावा (सगळ्या दुरुस्त्यांना आपोआप 'हो') नि जेवून या. वीस वर्षं हेच करतोय.

साडेतीनचा_चहा: डिस्कच मरायला टेकली असेल तर? आधी स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) बघू दे.

कटकट्या_पेंग्विन: अरे हो, रात्री टर्मिनलमधूनच एफएससीके (तेच तपासणीचं) मारलं होतं. माउंटेड आहे म्हणालं, मी वाय दाबलं.

जुना_हमाल: धन्य आहात. हे तर मीही करत नाही.

वीजग्राहक: इन्व्हर्टर घ्या हो. आमच्याकडे रोज जाते.

कटकट्या_पेंग्विन: लाइव्हवरून बघितलं. जुनी फिरती डिस्क आहे. स्मार्टमध्ये करंट पेंडिंग सेक्टर २४. -एनने दोन स्क्रीनभर चुका. आता -वाय?

साडेतीनचा_चहा: थांबा! ते २४ सेक्टर डिस्कला धड वाचता येत नाहीयेत. डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कची प्रत काढायचं साधन) दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, दुरुस्ती प्रतीवर करा. ती बूट झाली की डीपीकेजी --व्हेरिफाय चालवा, ते पॅकेजेसच्या फाइली तपासतं. ज्यांच्या फाइली बिघडलेल्या दिसतील तेवढीच पॅकेजेस रिइन्स्टॉल करा. ओळीत 'सी' असेल ती कॉन्फिग फाइल, ती तुम्हीच बदललेली असू शकते.

कटकट्या_पेंग्विन: ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आहे. चालेल?

साडेतीनचा_चहा: डिस्क किती जीबीची?

कटकट्या_पेंग्विन: ५००. पण भरलेली जेमतेम ४०.

साडेतीनचा_चहा: डीडीरेस्क्यू रिकामी जागाही उचलतं, नाही मावणार. मग आज निदान होम फोल्डर वाचवा. माउंट करताना आरओ (रीड-ओन्ली), नोलोड (जर्नल लावू नको) दोन्ही द्या, नुसत्या आरओने जर्नलमधले (बदलांची नोंदवही) राहिलेले बदल डिस्कवर लिहिले जातात. बाकीचं नवी डिस्क आणल्यावर.

टोपीवाला: आणणारच आहात तर फेडोरा...