पापलेट एवढंसं का मिळतंय? घ्यावं की नको?

दादरकरीण:
रविवारी सिटीलाईटच्या मासळी बाजारात गेले होते. मावशींनी पाटीतून काढलेलं पापलेट माझ्या मोबाईलपेक्षा लहान, वर म्हणतात घे गो, कवळी हायत, काटा पन लागनार नाय. अर्ध्या किलोत आठ बसली. घेतली मी, खोटं कशाला बोलू, पण तळताना सासूबाई म्हणाल्या आमच्या वेळी असली कोणी विकतच नसे, तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. ही पिल्लं असतात की जातच लहान आहे? आणि पापलेट राज्यमासा केलाय ना, मग विकतात कसं?

माटुंग्याचा मासेखाऊ:
जात तीच, पिल्लंच ती. राज्यमासा २०२३ ला केला, पण त्याने बंदी येत नाही ताई, तो नुसता मान. खरा नियम वेगळा आहे, त्याच वर्षी सरकारने ५४ जातींची कमीत कमी लांबी ठरवली, पापलेट १३५ मिमी, बोंबील १८०. त्याखालचं पकडायचं पण नाही. आता मार्केटात पट्टी घेऊन कोण बसलंय म्हणा. आणि माझ्या मते अर्धा दोष हॉटेलांचा, अख्खं पापलेट एका डिशमध्ये बसलं पाहिजे, म्हणजे बरोब्बर लहानच पाहिजे. आपण पण तेच मागवतो आणि फोटो काढतो.

वेसाव्याचा पोर:
शेवटी बोट कोळणीकडेच दाखवणार का? जरा ऐका. आमची डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या धारेत तोंड करून बांधलेलं जाळं, आपण माशाच्या मागे जात नाय, धारेबरोबर येईल ते आत. शेवटचं टोक बारीक विणीचं कारण जवळा, बोंबील त्यात धरायचे असतात, आणि त्यातच पापलेटची पिल्लं येतात, वर काढेपर्यंत मेलेली. मेलेलं परत टाकून काय जिवंत होणारे? वीण मोठी करा म्हणतात, मग जवळा गेला, पोट कशावर भरायचं. ट्रॉलरला मागच्या टोकाला ४० मिमी चौकोनी वीण लावायचा नियम आहे, एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून केंद्राची बंदी, तरी रात्री लांब दर्यात उजेड दिसतोच. त्याबद्दल कोण थ्रेड काढत नाय. बाकी आजोबा नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी ढकलत नसत. आता पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, १ ऑगस्टला सगळे सुटतात, पौर्णिमा पुढे असली तरी. पावसात झालेली पिल्लं तेव्हा किती मोठी असणार, तुम्हीच सांगा.

माटुंग्याचा मासेखाऊ:
दादा रागावू नका, डोलवाल्यांना नाही म्हणालो. पण पिल्लाला गिऱ्हाईक नसेल तर भाव पडेल एवढं तरी खरं ना?

वेसाव्याचा पोर:
ते खरं. भाव नसला तर ते सुकटीच्या नायतर खताच्या भावात जातं, मग त्याच्यासाठी मुद्दाम कोण जाळं टाकत नाय.

दादरकरीण:
मग लहान मासा घ्यायचाच नाही का? आमच्याकडे मांदेली दर आठवड्याला होते.

वेसाव्याचा पोर:
मांदेली बिनधास्त खा, ती मोठी होऊन पण तेवढीच. लहान जात वेगळी आणि मोठ्या जातीचं पिल्लू वेगळं. पापलेट, सुरमई, घोळ यांची पिल्लं तेवढी टाळा.

दादरकरीण:
आज परत गेले. मावशींना म्हटलं मोठं पापलेट दाखवा. दाखवलं. भाव ऐकला आणि मांदेली घेऊन घरी आले.