पोलिसानं रेडियम चिटकवलं, ही माणुसकी की ड्यूटीच?

माजलगावकर:
दिवाळी झाली होती, ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या. रात्री अकराच्या सुमारास गढी रोडला एक ट्रॅक्टर बाजूला घेतलेला. मागं दोन ट्रॉल्या, त्यात अख्खा संसार: पत्रे, बाजली, शेरडं, वाकळंत गुंडाळलेली लेकरं. शेजारी पोलीस. म्हणलं, झाली चिरीमिरी सुरू. जवळ जाऊन बघतो तर जमादार खाली बसून मागच्या फाळक्याला रेडियमच्या पट्ट्या चिटकवतोय. आधी रुमालानं चिखल पुसायचा, मग पट्टी दाबायची, मग वीस पावलं मागं जाऊन बॅटरी मारून बघायचं. एक पट्टी वाकडी लागली तर काढून परत लावली! ड्रायव्हरला चार शिव्याबी हासडल्या, ते सोडा. रेडियम त्यानं खिशातल्या पैशानं आणलेलं, असं टपरीवाला सांगत होता. पोलिसांच्या नावानं आपण रोज बोंब मारतो, मग अशा माणसाचं कौतुक करायला जीभ का जड होती?

उचलीची पोर:
दादा, माझे आई-बाप तसल्याच ट्रॉलीत बसून कर्नाटकात जायचे. रेडियमचं मोल मला सांगू नका. पण उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, फिटली नाही म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमानं माझ्या काकाला कोंडून ठेवलं, तेव्हा आम्ही ठाण्यात गेलो. साहेब गोड बोलले. खुर्ची दिली, चहा पाजला, आईला 'मावशी' म्हणले. आणि म्हणले, 'हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, शिवाय जागा आमच्या हद्दीत नाही.' चहा कुणाला पाहिजे होता?

कायद्याचं बोला:
माणसाला डांबणं हा दखलपात्र गुन्हा आहे. उचलीपायी राबवून घेणं तर १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्यातच येतं. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. नाही घेतली तर एसपींना पोस्टानं लेखी पाठवता येतं. त्यामुळं कौतुकाचे धागे मला पटत नाहीत. ब्लँकेट वाटपाला एक ब्लँकेट आणि पाच मोबाईल असतात.

हवालदाराची लेक:
सगळे फोटोसाठी करत नाहीत हो. २०१६ ला लातूरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं, तेव्हा पप्पांचा बंदोबस्त टाकीवर होता. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते सगळ्यांना आठवतं, त्याआधीचा मार्च आठवा. आदेश जमाव पांगवायचा होता. म्हाताऱ्यांच्या घागरी टँकरपासून दारापर्यंत नेऊन द्या, असं कुणी सांगितलं नव्हतं. पप्पा न्यायचे. पाठीचं दुखणं तेव्हापासूनचं. आणि डबा कधी कधी तसाच परत आणायचे, हात धुवायलाही पाणी नाही म्हणून.

कायद्याचं बोला:
तुमच्या पप्पांबद्दल आदरच आहे, ताई. पण घागर उचलणाऱ्याला वरून कुणाचा फोन येत नाही. मुकादमावर गुन्हा दाखल करणाऱ्याला येतो.

हवालदाराची लेक:
येतो. पप्पांना दोनदा आला होता. दुसऱ्यांदा बदली झाली.

माजलगावकर:
ह्याच्यावर मी काय बोलू. माझा मुद्दा एवढाच होता की त्या रात्री ट्रॉलीतली लेकरं सुखरूप पुढं गेली, आणि त्या माणसाला तसं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ताई, काकांचं पुढं काय झालं?

उचलीची पोर:
कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, सोडलं. उचल अजून मुकादमाच्या वहीत हाय. दादा, तो जमादार कुठल्या ठाण्याचा होता, तेवढं विचारून बघा त्या टपरीवाल्याला. काकाला घेऊन जाते त्याच्याकडं.